पेनांगला क्रूझ थांबली की खरेदी कुठे आणि कशी करायची

सिंगापूरहून निघालेल्या बऱ्याच क्रूझ मलेशियातल्या पेनांग बेटाला थांबतात, आणि जहाज लागतं ते स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे अगदी जॉर्जटाउन या पेनांगच्या मुख्य शहरातच, त्यामुळे टॅक्सीवाल्यांच्या मागे न लागता सरळ चालत निघा, लिटल इंडिया जवळच आहे.

थोडे रिंगिट (मलेशियाचं चलन) कॅश ठेवा, छोट्या दुकानात तेच चालतात. मॅग्नेट, टीशर्ट, बाटिकचे स्कार्फ यात घासाघीस करायची, पण पहिल्याच दुकानात घेऊ नका, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, मग तीन-चार नग एकदम मागा, भाव आपोआप खाली येतो. खाण्याच्या पॅकबंद वस्तूंना शक्यतो भाव करू नका.

खरी घेण्यासारखी वस्तू म्हणजे जायफळ! आपण श्रीखंडात, पुरणात घालतो ती बी, पण इथे फळाचा गरसुद्धा साखरेत मुरवून विकतात, शिवाय तेल आणि बाम. चौरस्ता मार्केटला जा, तिथे चव बघूनच घ्या, आईला बाम नक्की आणा. व्हाइट कॉफी, म्हणजे मार्जरिनमध्ये भाजलेल्या बियांची इथली कॉफी, तिची पाकिटं पण मस्त.

दारूची बाटली घेतली तर जहाजावर परतताना बहुतेक जमा करून घेतात, क्रूझच्या शेवटी देतात. आणि ऑल अबोर्डच्या, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायच्या शेवटच्या वेळेच्या, तासभर आधी पिअरवर या हं, प्लीज.