भौतिकशास्त्र विद्यार्थी मंडळाचे शैक्षणिक सचिव कसे निवडावेत

विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांतली विद्यार्थी मंडळे पुष्कळ ठिकाणी स्वागत समारंभ, निरोप समारंभ आणि विज्ञान दिन या तीन प्रसंगांपुरतीच जागी होतात. जिथे मंडळ वर्षभर चालते, तिथे एखाद-दुसरा विद्यार्थी दर आठवड्याला वक्ता शोधत असतो, वर्गखोलीची किल्ली मिळवत असतो आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना कोणत्या विषयात अडचण येते आहे याची विचारपूस करत असतो. शैक्षणिक सचिवाचे पद याच कामासाठी असते. त्यामुळे त्याची निवड वर्गातील लोकप्रियतेवर किंवा गुणपत्रिकेवर सोडून चालत नाही. मतदाराला उमेदवाराचे काम आधी दिसावे आणि मग त्याने मत द्यावे, अशी निवडणुकीची रचना करता येते. ती कशी करावी हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात पदाचे काम लिहून काढण्यापासून करावी. निवडणुकीची सूचना लावण्यापूर्वी मावळत्या कार्यकारिणीने एका पानात मावेल एवढेच टिपण तयार करून फळ्यावर लावावे. साप्ताहिक विद्यार्थी व्याख्यान घेणे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संग्रह अद्ययावत ठेवणे, जॅम, जेस्ट, गेट आणि नेट या उच्च शिक्षण व संशोधनासाठीच्या प्रवेश-पात्रता परीक्षांच्या अर्जांच्या मुदती तसेच विज्ञान अकादम्यांच्या संयुक्त उन्हाळी फेलोशिपची माहिती वेळेवर सर्वांपर्यंत पोहोचवणे, पायथॉन (संगणकीय भाषा) किंवा लाटेक (शास्त्रीय मजकूर जुळवण्याची प्रणाली) यांची कार्यशाळा ठरवणे आणि अभ्यासक्रम वा प्रात्यक्षिकांविषयीच्या अडचणी विभागप्रमुखांपुढे मांडणे ही कामे त्यात असावीत. वर्गणी, अल्पोपाहार आणि टी-शर्ट यांचा त्यात उल्लेखही नसावा. ती कामे खजिनदाराची आणि सांस्कृतिक सचिवाची आहेत. ती एकदा शैक्षणिक सचिवाच्या गळ्यात पडली की व्याख्याने सर्वांत आधी बंद पडतात.

पदे एकाऐवजी दोन असावीत, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण फेब्रुवारी महिन्यात आहे. रामन परिणामाचा शोध 28 फेब्रुवारी 1928 रोजी लागला आणि तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. साहजिकच मंडळाचा सर्वांत मोठा कार्यक्रम याच सुमारास असतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला भेट द्यायची असेल, तर तीही अनेकदा याच दिवसांत ठरते. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, हे दृश्य विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहावे असेच आहे. पण गेट आणि जॅम या परीक्षाही फेब्रुवारीतच असतात. एकच सचिव असेल आणि तो परीक्षेला बसणार असेल, तर त्याला दोहोंपैकी एकावर पाणी सोडावे लागते. म्हणून एक सचिव आणि एक सहसचिव असावेत, आणि ते शक्यतो वेगवेगळ्या वर्षांचे असावेत.

निवडणूक कधी घ्यावी, या प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ होतो. एम.एस्सी.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्यामुळे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मे-जूनमध्ये निघून जातात. सर्व पदांची निवडणूक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली, तर सत्राचे पहिले दोन-तीन महिने मंडळाला कोणी वालीच उरत नाही, आणि नव्या विद्यार्थ्यांना मदतीची खरी गरज तेव्हाच असते. उलट सर्व पदे मार्चमध्ये भरली, तर जुलैत येणाऱ्या विद्यार्थ्यांना मताचा अधिकारच राहत नाही. यावर उपाय म्हणजे सचिवाची निवड मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, पुढील वर्षीही विभागात असणाऱ्या विद्यार्थ्यांमधून करावी, आणि सहसचिवाची निवड नवे प्रवेश पूर्ण झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, नव्या तुकडीतून करावी. वर्षातून दोन निवडणुका म्हणजे श्रम थोडे वाढतात, पण खंड पडत नाही.

मंडळाच्या घटनेत एक वाक्य स्पष्टपणे लिहिलेले असावे: हे विभागीय मंडळ आहे, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 अन्वये स्थापन होणाऱ्या विद्यार्थी परिषदेशी त्याचा संबंध नाही. हे वाक्य नसल्यास बाहेरच्या संघटनांना ही निवडणूक आपली वाटू लागते आणि प्रशासनालाही भीती वाटते. असे असले तरी, लिंगडोह समितीने 2006 साली विद्यार्थी निवडणुकांसाठी सुचवलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी लागू केलेल्या शिफारशी वाचून घ्याव्यात, कारण त्यांतल्या बऱ्याच गोष्टी लहान मंडळालाही उपयोगी पडतात. उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया दहा दिवसांत आटोपावी, छापील भित्तिपत्रके नसावीत, हाताने केलेली असल्यास नेमून दिलेल्या जागीच लावावीत, ही त्यातली उदाहरणे आहेत. समितीने उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 5,000 रुपये ठेवली आहे. विभागीय मंडळात ती शून्य ठेवली तरी काही बिघडत नाही.

उमेदवाराच्या पात्रतेसाठी उपस्थितीची अट असावी. लिंगडोह समितीने ती 75 टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली, यांपैकी जी जास्त असेल ती, अशी सुचवली आहे. निवडणूक लढवण्याच्या वर्षी उमेदवाराचे विषय राहिलेले नसावेत, अशीही तिची शिफारस आहे, आणि विभागाने ती स्वीकारली असेल तर पाळावी. मात्र त्यावर सीजीपीएची, म्हणजे एकूण सरासरी श्रेणीगुणांची, अट चढवू नये. वर्गातला पहिला विद्यार्थी चांगला शैक्षणिक सचिव असेलच असे नाही. क्वांटम यामिकी स्वतःला सहज उमगलेल्या मुलाला ती इतरांना का उमगत नाही हे अनेकदा कळत नाही, आणि दोनदा अडखळून शिकलेल्या मुलीला नेमके कुठे अडते हे चांगले ठाऊक असते. माझ्या विद्यार्थिदशेत सचिवपद प्रथम क्रमांकाच्या विद्यार्थ्याला टाळ्यांच्या गजरात, बिनविरोध दिले गेले. त्या वर्षी एकही व्याख्यान झाले नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता, कारण त्याला हे काम हवे आहे का, हे कोणी विचारलेच नव्हते.

मतदार यादी निवडणुकीच्या किमान आठ दिवस आधी प्रसिद्ध करावी आणि हरकतींसाठी दोन दिवस द्यावेत. पीएच.डी.चे विद्यार्थी मतदार आहेत की नाहीत, हे घटनेत लिहिलेले नसेल तर त्यावरच वाद होतो. माझ्या मते ते असावेत, कारण विभागात सर्वांत जास्त काळ तेच राहतात. शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी टीआयएफआर, आयुका किंवा अन्य संशोधन संस्थेत गेलेल्यांची नावेही यादीत असतात, पण त्यांचे मत घ्यायचे कोणाला सुचत नाही. त्यांच्यासाठी दुहेरी लिफाफ्याची पद्धत वापरावी. आतल्या कोऱ्या लिफाफ्यात मतपत्रिका असावी, बाहेरच्या लिफाफ्यावर नाव आणि सही असावी, आणि यादीत नावापुढे खूण केल्यावर आतला लिफाफा न उघडता मतपेटीत टाकावा.

निवडणूक अधिकारी म्हणून स्वतः उमेदवार नसलेला आणि कोणाचा सूचकही नसलेला ज्येष्ठ संशोधक विद्यार्थी नेमावा. प्राध्यापकांना निरीक्षक म्हणून बोलवावे, परंतु मतदान आणि मोजणी विद्यार्थ्यांनीच करावी. उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या असतातच. त्यांपैकी एक जण उमेदवाराच्या वर्गाबाहेरचा असावा, एवढी साधी अट घातली की केवळ आपल्या बाकांवरच्या मित्रांच्या भरवशावर उभे राहणारे मागे सरतात. अर्जासोबत एका पानाची योजना मागवावी. त्यात पुढील सत्रातील पहिल्या आठ व्याख्यानांचे विषय, प्रत्येकाचा संभाव्य वक्ता आणि वक्ता आला नाही तर काय करणार, हे लिहिलेले असावे. ‘मी सर्वांसाठी झटेन’ अशा वाक्यांना तिथे जागाच उरत नाही.

सर्वांत जास्त वेळ उमेदवारांच्या सभेसाठी राखून ठेवावा. प्रत्येकाला भाषणासाठी तीन मिनिटे आणि फळ्यासाठी दहा मिनिटे द्यावीत. त्या दहा मिनिटांत त्याने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अवघड जाणारी एखादी कल्पना शिकवावी. एन्ट्रॉपी आणि सूक्ष्मावस्थांची संख्या यांचा संबंध, चुंबकीय क्षेत्राच्या बलाने कार्य का होत नाही, किंवा विनिमेय नसलेल्या क्रियकांचे एकाच वेळी अचूक मापन का शक्य नाही, असे विषय चालतील. विषय आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून द्यावा, म्हणजे पाठांतराला वाव राहत नाही आणि तयारीला राहतो. त्यानंतर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीच प्रश्न विचारावेत, वरच्या वर्षांनी ऐकावे. प्रश्न अडचणीचा निघाला आणि उमेदवार ‘हे मला आत्ता सांगता येत नाही, परवा सांगतो’ असे म्हणाला, तर ते त्याच्या बाजूने धरावे, आणि परवा तो खरोखर सांगतो का हेही पाहावे. मतदान म्हणूनच सभेनंतर दोन दिवसांनी ठेवावे.

भाषेचा मुद्दा इथेच येतो. तालुक्याच्या महाविद्यालयांतून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी बारावीपर्यंत किंवा दहावीपर्यंत मराठीत शिक्षण घेतलेले असते, आणि विद्यापीठात आल्यावर त्यांना विषयाआधी इंग्रजीशी झुंजावे लागते. सभेत मराठीतून बोलण्याची मुभा उमेदवारांना आणि प्रश्नकर्त्यांनाही असावी, आणि ती निवडणुकीच्या सूचनेतच लिहिलेली असावी, कारण तोंडी दिलेली मुभा कोणी घेत नाही. हॅमिल्टोनियन आणि आयगेनमूल्य हे क्वांटम यामिकीतले शब्द मराठी वाक्यात व्यवस्थित बसतात. विभागात परप्रांतीय विद्यार्थी असतील, तर त्यांच्यासाठी थोडक्यात इंग्रजी सारांश सांगण्याची जबाबदारी एका स्वयंसेवकाला द्यावी. दोन्ही बाजूंना समजावून सांगणारा उमेदवार कोण आहे, हे त्यातूनच ध्यानात येते.

मतदान कागदी मतपत्रिकेवर घ्यावे. ऑनलाइन फॉर्म सोयीचा वाटतो, पण त्यात ईमेल नोंदवला तर मत गुप्त राहत नाही आणि न नोंदवला तर एकाच व्यक्तीची दोन मते ओळखता येत नाहीत. ऐंशी-नव्वद मतदारांसाठी एक मतपेटी आणि दीड तास पुरतो. हात वर करून मतदान तर कधीच घेऊ नये, विशेषतः ज्या प्राध्यापकांच्या हाती अंतर्गत गुण आहेत ते खोलीत असताना. मतपत्रिकेवरील नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. वर्गवार मतपेट्या ठेवल्या असतील, तर मोजणीपूर्वी सर्व मते एकत्र मिसळावीत आणि वर्गवार आकडे जाहीर करू नयेत. एखाद्या गटात पाचच मतदार असले, तर वर्गवार निकाल म्हणजे त्यांचे मत उघड करणेच होय.

दोनपेक्षा अधिक उमेदवार असतील तर पसंतीक्रमाची पद्धत वापरावी, म्हणजे मतदाराने नावांपुढे पहिली, दुसरी अशी पसंती लिहावी. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांमुळे ती आपल्याकडे अपरिचित नाही. एका पदासाठी वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते हा कोटा असतो. समजा 87 वैध मते आहेत आणि पहिल्या पसंतीची अ ला 36, ब ला 30 आणि क ला 21 मिळाली. कोटा 44 आहे, म्हणून कोणीच निवडून आलेला नाही. क बाद होतो आणि त्याच्या 21 मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली जाते. त्यांतल्या 13 ब ला, 5 अ ला जातात आणि 3 वर दुसरी पसंतीच नाही. आता अ चे 41 आणि ब चे 43 होतात. 44 कोणाचेच झालेले नाहीत, पण दोघेच उरल्यामुळे अधिक मते असलेला ब निवडून येतो. ‘दोघेच उरल्यास अधिक मते असलेला विजयी’ हा नियम आधी लिहिलेला नसेल, तर त्या तीन मतपत्रिकांवरून रात्रभर भांडण चालते. पसंतीक्रमही निर्दोष नाही, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे. बहुसंख्य मतदार अ ला ब पेक्षा, ब ला क पेक्षा आणि क ला अ पेक्षा अधिक पसंत करतात, असे एकाच वेळी घडू शकते, हे फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्सेने 1785 सालीच दाखवले होते. तरीही केवळ सर्वाधिक मतांच्या पद्धतीत 36 मतांवर अ निवडून आला असता आणि उरलेल्या 51 जणांचा कल कोणी पाहिलाच नसता.

उमेदवार एकच असेल तरी मतदान घ्यावे. मतपत्रिकेवर त्याच्या नावाखाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय ठेवावा आणि त्याला जास्त मते पडल्यास पंधरा दिवसांत नव्याने अर्ज मागवावेत. लोकसभा-विधानसभा निवडणुकांत 2013 पासून आलेल्या ‘नोटा’ या अशाच पर्यायामुळे निकाल बदलत नाही, पण आपल्या मंडळात तो बदलू देण्यास काही अडचण नाही. समान मते पडल्यास चिठ्ठी टाकावी, फेरमोजणीचा अर्ज 24 तासांत स्वीकारावा, आणि मतपत्रिका सीलबंद पाकिटात महिनाभर ठेवून मग नष्ट कराव्यात.

निकालानंतर पंधरा दिवस जुना आणि नवा सचिव यांनी बरोबर काम करावे, आणि त्या काळातले एक व्याख्यान नव्याने ठरवावे, जुन्याने फक्त पाहावे. मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड, वक्त्यांची यादी, प्रश्नपत्रिकांचा संग्रह, विभागाच्या कार्यालयात खोलीच्या किल्लीसाठी कोणाला भेटावे लागते ही माहिती, आणि नकार दिलेल्या वक्त्यांनी कोणत्या महिन्यात पुन्हा विचारायला सांगितले होते याची नोंद, हे सर्व एका वहीत उतरवून दोघांच्या सह्यांनिशी द्यावे. ती वही विभागाच्या ग्रंथालयात राहावी, कोणाच्या वसतिगृहातल्या खोलीत राहू नये.