टोब्रुकला कैद झालेले आजोबा कसे शोधायचे

घरातली ट्रंक उघडून झाली असेल असं धरतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पत्रं, पदकं, जे मिळालं त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आता पहिलं काम. ‘नेटवर नाव टाकून बघा’ असं कुणी सांगितलं तर हो म्हणा आणि सोडून द्या. तुकाराम जाधव एका पलटणीत किती निघतील? शोध नावावर नाही, लष्करी नंबरावर लागतो. मी नेमका इथेच आठ महिने घालवले.

दुसऱ्या महायुद्धात, २१ जून १९४२ला, लिबियातलं टोब्रुक जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडलं तेव्हा ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे होती. माझे चुलत आजोबा त्यातच पकडले गेले. घरी त्यांचं एकच कार्ड होतं, जर्मनीहून आलेलं, पेन्सिलीत ‘मी खुशाल आहे’ एवढंच. वर ठसठशीत नंबर. तोच लष्करी नंबर समजून मी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. उत्तर आलं, असा शिपाई आमच्याकडे नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. चूक माझी होती: तो कैद्याचा नंबर होता, छावणीत मिळालेला.

म्हणून नीट लक्षात ठेवा. टोब्रुकचे बरेच कैदी आधी इटलीत गेले. तिथल्या कार्डावर ‘पी.जी.’ (इटालियनमध्ये ‘युद्धकैदी’चं लघुरूप) याच्यापुढे जो आकडा असतो तो माणसाचा नव्हे, छावणीचा. आवेझ्झानोची ९१ नंबरची छावणी हिंदी कैद्यांची होती. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने हत्यारं टाकली, कित्येक कैदी निसटले, उरलेल्यांना जर्मनांनी जर्मनीकडे नेलं. तिकडे नवीन नंबर, ‘स्टालाग’ (जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी) या शब्दाशेजारी छावणीचा आकडा. म्हणजे एकाच माणसाच्या कागदांवर तीनचार आकडे, आणि आपल्याला हवा फक्त भरतीच्या वेळचा. तो सापडतो डिस्चार्ज बुकात, नाहीतर आजीच्या पेन्शनच्या कागदावर. कैद्याचे नंबर फेकू नका, पुढे लागतात.

घरी काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस. अर्जात वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा त्या काळचा लिहा. रायगड नव्हे, कुलाबा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत होता, सांगलीकडची बरीच गावं साताऱ्यात. आडनावाचंही तसंच: आज घरात ‘कर’ लावत असाल, भरतीच्या वेळी कारकुनाने मूळ आडनाव मोरे किंवा पवार लिहून घेतलं असेल. दोन्ही द्या. इंग्रजीत जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू की ओ, हे त्या दिवशीच्या कारकुनाच्या लहरीवर होतं.

नंबर हातात आला की बाकीचं सोपं.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आहेत. अर्ज ऑनलाइन भरायचा, पण तो बाराही महिने चालू नसतो. ठरावीक काळ उघडतो, कोटा भरला की बंद. तारखेवर नजर ठेवा आणि मजकूर आधीच तयार ठेवा. जन्मतारीख नसेल तर अदमासे वर्ष घाला. कैद्याचे नंबर आणि छावणीचे आकडे इथे द्यायचे. उत्तराला महिने लागतात.

आजोबा परतलेच नसतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी पाहा, ती फुकट आहे. कबर सापडली नाही म्हणून खचू नका; दहन झालेल्यांची नावं दहन-स्मारकावर असतात, पत्ता न लागलेल्यांची स्मारकाच्या भिंतीवर.

लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कैद्यांच्या याद्या आहेत, पण तिकडे शेवटी जा.

एक नाजूक बाब. अ‍ॅनाबुर्गच्या छावणीतून काही हिंदी कैदी सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या सेनेत गेले. घरात ते बोललं जात नसेल, तरी अर्जात लपवू नका. आमच्या कार्डावर छावणीच्या नावाशेजारी कुणीतरी निळ्या पेन्सिलीने खूण केली होती. माझ्या आजीने ती आयुष्यभर दुमडून झाकून ठेवली.