दम आधी वाढतो, हाडं मागून येतात: व्यायामाचे पहिले चार महिने कसे काढावेत

व्यायाम सुटतो तो दरवेळी आळसानेच सुटतो असं नाही. पहिला महिना झोकात जातो, चौथ्या आठवड्यात माणूस चालायचं सोडून पळायला लागतो, सहाव्या आठवड्यात नडगी नाहीतर टाच धरते आणि 'मला व्यायाम मानवत नाही' म्हणून विषय बंद होतो. व्यायाम सगळ्यांना मानवतो. मानवत नाही ती घाई.

खालचा क्रम आजवर दिवसभर बसून काढणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे. सुरुवात चालण्यापासून, चार महिन्यांनी सलग हळू पळणं आणि जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. चालताना छातीत दुखतं, चक्कर येते, हृदयविकार आहे किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन वा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन आणि काही गोळ्यांमुळे व्यायामात साखर फार खाली जाऊ शकते, तेव्हा डोस आणि वेळ दोन्ही ठरवून घ्यावे लागतात.

किती करायचा

जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस सरळ आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पूर्वी 'सलग दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर धरू नका' अशी अट होती, ती या वेळी काढून टाकली. रोज दहा हजार पावलांचा आकडा मात्र कुठल्या वैद्यकीय शिफारशीतून आलेला नाही. १९६५मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता. आकडा कानाला बरा वाटला आणि जगभर चिकटला.

सगळ्यात मोठा फायदा अगदी सुरुवातीला मिळतो, शून्यावरून थोडं काहीतरी करण्यात. लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांवरचा १९५३चा अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हते.

पहिले चार आठवडे: नुसतं चाला

पहिले दोन आठवडे २० मिनिटं, पुढचे दोन ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. ओळीने दोन दिवस खाडा करू नका. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि नंतरही साधारण एक-दोन दिवस इन्सुलिनला नीट दाद देतो. त्यापुढे हा परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी तीन तास चालून आठवडाभर बसणं साखरेच्या दृष्टीने तोट्याचं.

वेग ठरवायला घड्याळातला नाडीचा आकडा बघत बसू नका. '२२० वजा वय' हे सूत्र सरासरीचं आहे. पन्नाशीच्या माणसाचे त्यातून १७० ठोके निघतात, पण प्रत्यक्षात कुणाचे १६० असतात, कुणाचे १८०. बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर सूत्र साफ निकामी, कारण ती गोळी नाडी वर जाऊच देत नाही. बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. मोजायचंच असेल तर पावलं मोजा. मिनिटाला १०० पावलं, म्हणजे १५ सेकंदांत २५, ही प्रौढांसाठी झपझप चालण्याची बऱ्यापैकी खात्रीची खूण आहे.

पाचवा ते आठवा आठवडा: इथेच घोडं पेंड खातं

चौथ्या आठवड्याच्या शेवटी अंगात आल्यासारखं वाटतं. जिना चढताना धाप लागत नाही, ३० मिनिटं चुटकीसरशी जातात. हे खरंच असतं. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वाढतं. हृदयात जास्त रक्त भरतं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं. महिना-दीड महिन्यात स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या) आणि बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. थोडक्यात, इंजिन नवं झालेलं असतं.

चाकं जुनीच असतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना बळकट व्हायला महिने लागतात. हाडाचं तर विचित्रच असतं. वाढत्या भाराला तोंड द्यायला हाड आधी स्वतःला थोडं पोखरतं, जुना भाग काढतं आणि मग तिथे नवा भरतं. या एका फेऱ्याला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणजे व्यायाम सुरू केल्यावर मधले काही आठवडे नडगीच्या हाडातल्या काही जागा आधीपेक्षा कच्च्या असतात. नेमक्या त्याच आठवड्यांत दम वाढलेला असतो, आणि तो सांगतो, पळ!

पळू नका. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर एका पायावर येतो. १८५५मध्ये प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखत असल्याची नोंद केली. क्ष-किरण आल्यावर कळलं, की पायाच्या पंजातली हाडं बारीक चिरत होती. त्याला आजही 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. तरणीताठी, धडधाकट माणसं, आणि तीही बव्हंशी चालणारी. चुकलं होतं ते भार वाढवण्याचं प्रमाण.

तेव्हा या चार आठवड्यांत फक्त मिनिटं वाढवा, दर आठवड्याला दोन-तीन, आणि ४०वर थांबा. वेग तोच, दिवस तेच. दोरीवरच्या उड्या नकोत, उतारावरून धावणं नको, कुणाच्या तरी 'तीस दिवसांच्या आव्हानात' सामील होणं तर नकोच. 'दुखल्याशिवाय फळ नाही' असं सांगणाऱ्या प्रशिक्षकापासून लांब राहा. ज्याला अंग आंबणं आणि हाड दुखणं यातला फरक सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याचं वेळापत्रक आखू नये.

तो फरक असा ओळखायचा. स्नायू आंबले असतील तर दुखणं पसरट असतं, बहुधा दोन्ही पायांत, व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त, आणि थोडं चाललं की सैलावतं. (हे लॅक्टिक आम्लामुळे होत नाही. ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात निवळतं.) असं अंग दुखत असताना हळू चालायला हरकत नाही.

कंडरा दुखावली असेल तर सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावलं ताठर पडतात, टाचेच्या वर किंवा गुडघ्याखाली. चालू लागलं की बरं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा ठसठसतं. इथे लोक दोनपैकी एक चूक करतात: बरं वाटतं म्हणून तसंच रेटतात, नाहीतर महिनाभर पूर्ण विश्रांती घेतात. कंडरेला भार लागतोच, फक्त बेताचा. चालणं एक तृतीयांशाने कमी करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा वाढला का ते बघा. तेवढाच राहिला किंवा उतरला तर प्रमाण बरोबर आहे. वाढला तर आणखी कमी करा.

हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. नडगीवरून बोट फिरवत जा. पाच-सहा इंच लांबीभर सगळीकडे दुखरं असेल तर बहुधा नडगीच्या कडेचे स्नायू आणि हाडावरचं आवरण चिडलेलं असतं. आठवडाभर भार निम्मा करून बघा. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल, पावलागणिक वाढत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर चालणं थांबवून डॉक्टर गाठा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरणात ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे 'फोटो स्वच्छ आहे' एवढ्यावर लगेच पुन्हा सुरुवात करू नका.

ताकदीचे दोन दिवस

पहिल्या आठवड्यापासूनच करा. खुर्चीवर टेकून उठण्याच्या बैठका, भिंतीला हात लावून जोर, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. प्रत्येकी १०चे दोन सेट. श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. बारा सहज जमायला लागले की खुर्ची बुटकी घ्या, भिंतीऐवजी टेबलावर जोर मारा.

चवड्यांवर उभं राहणं मात्र या यादीत सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. १५चे तीन सेट, दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पुढे पळताना टाचेची कंडरा वाचते ती यानेच. झटके देऊन केलेल्या पन्नासांपेक्षा सावकाश पंधरा बरे. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव जोडावा: खुर्चीची पाठ हाताशी ठेवून एका पायावर ३० सेकंद.

मोजायचं काय

वजन मोजू नका, निदान पहिले तीन महिने. सत्तर किलोच्या माणसाचे अर्धा तास झपझप चालण्यात साधारण १४० किलोकॅलरी खर्च होतात. किलोभर चरबीत ७,७०० असतात. म्हणजे खाणं अजिबात वाढलं नाही तरी एक किलो उतरायला ५५ दिवसांचं चालणं लागतं, आणि भूक वाढते हे धरलेलंच नाही. काट्यावर नजर ठेवणारा माणूस दुसऱ्या महिन्यात हिरमुसतो आणि सगळं सोडतो, तेही आतून फायदा सुरू झालेला असताना.

त्याऐवजी सकाळची नाडी मोजा. जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा. तपासायला अंगठा वापरायचा नाही, कारण त्यात स्वतःचाच ठोका जाणवतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा आणि आठवड्याची सरासरी लिहून ठेवा. काही आठवड्यांत ती काही ठोक्यांनी उतरू लागते. ७६ची ७० झाली तर दिवसाचे ८,६४० ठोके कमी. चालतानाचे जास्तीचे वजा केले तरी हृदयाचा फायदाच. उलट एखाद्या सकाळी नाडी नेहमीपेक्षा सात-आठने जास्त लागली तर झोप अपुरी आहे, ताप येऊ घातलाय किंवा व्यायाम जास्त झालाय. त्या दिवशी विश्रांती.

रक्तदाब घरी मोजत असाल तर रोज ठरलेल्या वेळीच मोजा. व्यायामानंतर तो काही तास खाली राहतो, त्यामुळे चालून आल्या आल्या घेतलेला आकडा बघून गोळी बंद करण्याचा शहाणपणा करू नका.

नववा आठवडा ते सोळावा: पळणं

पळायचं तीन दिवस, तेही एक दिवसाआड. उरलेले दोन दिवस नुसतं चालणं. दहा मिनिटं चालून अंग तापवा. मग १ मिनिट पळा, ४ मिनिटं चाला, असं सहा वेळा. दोन आठवड्यांनी २ आणि ३, आणखी दोन आठवड्यांनी ३ आणि २, शेवटचे दोन आठवडे ४ आणि १. पळतानाही वाक्य बोलता आलं पाहिजे. शेजारून कुणी झपझप चालत पुढे गेलं तरी चालेल. पावलं छोटी टाका. लांब ढांग टाकली की पाय शरीराच्या पुष्कळ पुढे पडतो आणि धक्का गुडघ्याला बसतो.

मध्ये खंड पडला तर: आठवड्याभराचा असेल तर होतात तिथूनच पुढे. दोन ते चार आठवड्यांचा असेल तर एक टप्पा मागे जा आणि मिनिटं निम्मी करा. दम दोन-तीन आठवड्यांतच उतरायला लागतो. महिन्याहून जास्त असेल तर पुन्हा २० मिनिटांच्या चालण्यावर या. या वेळी दम लवकर परत येईल, आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा पळावंसं वाटेल. तेव्हाही ४० मिनिटं चालणंच.