लहान खोक्यातला २५ वॅटचा अँप: सर्किट सोपं, मांडणी अवघड

एलएम३८८६ ही चिप, तिच्याभोवती डझनभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि एक ट्रान्सफॉर्मर. एवढ्यावर ८ ओहमला दर चॅनेल २५ वॅट देणारा इंटिग्रेटेड अँप्लिफायर होतो. मुंबईतल्या वन-रूम-किचनला तेवढा पुरून उरतो. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असते. सर्किट डेटाशीटमध्ये छापलेलं आहे, त्यात फार डोकं चालवू नका. फसतं ते सगळं २२० × २०० × ८० मिलिमीटरच्या खोक्यात कोंबताना. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या उरावर येतो, ग्राउंडच्या वायरी नको तिथून जातात, उष्णता कोंडते. म्हणून मांडणी आधी कागदावर काढा, मग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा.

तिथे बहुतेक सगळं मिळेल: १८-०-१८ व्होल्टचा १६० व्हीए टॉरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर), ३५ अँपिअरचा धातूच्या खोळीतला ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), १०,००० मायक्रोफॅरडचे दोन फिल्टर कपॅसिटर, आवाज कमी-जास्त करायला १० किलोओहमचा लॉग स्टिरिओ पॉट. चिप मात्र अधिकृत वितरकाकडूनच मागवा. नकली चिप सर्रास विकल्या जातात. ॲसिटोनच्या बोळ्याने छपाई पुसली गेली, तर ती परत करा.

कपॅसिटर ५० व्होल्ट, १०५ डिग्रीचेच घ्या. हिशोब असा: १८ ला १.४१ ने गुणलं की २५.४, ब्रिजमध्ये दीडेक व्होल्ट जातात, म्हणजे लोडवर साधारण ±२४: हे चिपचे धन आणि ऋण पुरवठे, म्हणजेच रेल. पण लाइन २५० व्होल्टवर गेली आणि अँप नुसता चालू असला, की हाच आकडा २९ च्या आसपास जातो. ३५ व्होल्टचा कपॅसिटर तिथे अगदी काठावर येतो. ±२४ मधून चिपला स्वतःसाठी चारेक व्होल्ट लागतात, उरले २० व्होल्ट शिखर. ८ ओहमवर २५ वॅट झाले. जास्त वॅटच्या मोहाने २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर आणू नका. वाढलेल्या वॅटनी आवाज कानाला जेमतेम वाढतो, उष्णता मात्र जवळजवळ दुप्पट होते.

चिपभोवतीची जोडणी

फीडबॅक २२ किलोओहम, ग्राउंडकडे १ किलोओहम: गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो, २३. ०.६ व्होल्ट इनपुटला पूर्ण आवाज मिळतो, त्यामुळे वेगळा प्रीअँप लागत नाही. फोन असो वा सीडी प्लेअर, पॉटमधून थेट चिपला. गेन १० च्या खाली नेऊ नका, ही चिप तिथे स्थिर राहत नाही. त्या १ किलोओहमच्या मालिकेत ४७ मायक्रोफॅरडचा बायपोलर कपॅसिटर टाका, म्हणजे डीसी २३ पट वाढणार नाही. इनपुटला २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, त्यापुढे २२ किलोओहम ग्राउंडला. १० नंबरच्या पायाशी १ किलोओहम मालिकेत आणि २२० पिकोफॅरड ग्राउंडला द्या. अँपवर ठेवलेल्या मोबाइलची टकटक त्याने थांबते.

८ नंबरचा पाय म्यूटचा. तो मोकळा सोडला की चिप गप्प बसते, आणि नवखे लोक ती खराब समजून उपटतात. तो २२ किलोओहममधून ऋण रेलला जोडा. निदान अर्धा मिलिअँपिअर वाहायला हवा. १ आणि ५ हे दोन्ही पाय धन रेलचे आहेत, एकमेकांना जोडा.

आता डीकपलिंग: पायांपासून एक सेंटीमीटरच्या आत दोन्ही रेलना १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, त्याला लागून ४७० मायक्रोफॅरड. इथे आळस केला तर चिप ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर डोलू लागते: गाणं वाजत नसतानाही तापते आणि आवाजाला खरखरीत कड येते. आउटपुटला २.७ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची मालिका ग्राउंडला. पुढे ०.७ मायक्रोहेन्रीची कॉइल. १ मिमीची इनॅमल तार ९ मिमीच्या ड्रिल बिटवर चिकटून दहा वेढे गुंडाळली की झाली. तिला समांतर १० ओहम, २ वॅट.

ग्राउंड

इथे घाई नको. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप दोन फिल्टर कपॅसिटरांच्या मधल्या सांध्यावर येतो. त्या सांध्यातून दर १० मिलिसेकंदाला चार्जिंगचा जोरदार झटका वाहतो. म्हणून स्पीकरचा परतीचा तार, सिग्नलचं ग्राउंड यांपैकी काहीही तिथे जोडू नका. सांध्यातून तीन-चार सेंटीमीटरची जाड शेपटी काढा आणि तिच्या टोकाला स्टार करा, म्हणजे सगळी ग्राउंड एकाच बिंदूवर आणा. स्पीकरचे परतीचे तार, सिग्नल ग्राउंड आणि डीकपलिंगचं ग्राउंड तिथे वेगवेगळ्या वायरीने येऊ द्या. स्टारपासून खोक्यापर्यंत १० ओहम आणि त्याला समांतर आणखी एक ३५ अँपिअरचा ब्रिज. त्याच्या दोन एसी टोकांचा एक सांधा आणि + − टोकांचा दुसरा. मेन्सची अर्थ मात्र थेट धातूच्या खोक्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. हम (स्पीकरमधली गुणगुण) जावा म्हणून अर्थची पिन कापणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. जुन्या चाळीत सॉकेटला अर्थच नसेल, तर आधी वायरमनला बोलवा.

हम ऐकून दोष ओळखता येतो. खर्जातली जाड गुणगुण ५० हर्ट्झची: ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र किंवा इनपुटच्या वायरींनी केलेला वेढा. चिरकी भुणभुण १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची: चार्जिंगचा झटका ग्राउंडमध्ये शिरला आहे, शेपटी तपासा.

खोक्यात बसवणं

ट्रान्सफॉर्मर पुढच्या डाव्या कोपऱ्यात, मेन्स मागे डावीकडे, इनपुट सॉकेट मागे उजवीकडे, हीटसिंक उजव्या बाजूला. पॉट पुढच्या पॅनलला न लावता सॉकेटजवळ बसवा आणि ६ मिमीच्या दांड्याने नॉबपर्यंत आणा. सिग्नलची वायर त्यामुळे पाच-सहा सेंटीमीटरच राहते. सोर्स बदलायला सॉकेटजवळच सीलबंद रिले लावा. पुढच्या स्विचपर्यंत फक्त डीसी जाऊ द्या. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे रोटरी स्विच काही पावसाळ्यांत खरखरू लागतात. सोल्डर झाल्यावर फ्लक्सही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवा, नाहीतर तो ओल धरतो.

टॉरॉइडचा बोल्ट कसण्याआधी तो हाताने फिरवून पाहा. एका कोनात हम सगळ्यांत कमी होतो, तिथेच घट्ट करा. बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकू देऊ नका. तळ, बोल्ट आणि झाकण मिळून एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. प्रायमरीला १.६ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. फास्ट फ्यूज टॉरॉइड चालू करतानाच उडतो.

±२५ व्होल्ट आणि ८ ओहमला एक चिप जास्तीत जास्त १६ वॅट उष्णता टाकते, वर स्वतःचे अडीच. दोन मिळून ३६-३७. त्यासाठी १ डिग्री प्रति वॅटचा किंवा त्याहून चांगला हीटसिंक, पाती उभी. ४ ओहमच्या स्पीकरला हीच उष्णता जवळपास दुप्पट होते, तेव्हा हीटसिंक मोठा घ्या. साध्या ‘टी’ चिपची पाठ ऋण रेलला जोडलेली असते: मायका, पेस्ट आणि प्लास्टिकची बुश हवीच. ‘टीएफ’ची पाठ इन्सुलेटेड असते, पण उष्णता जरा सावकाश सोडते.

चालू करताना

पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन्सच्या मालिकेत लावलेल्या ६० वॅटच्या तारेच्या बल्बमधून. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला की ठीक. पेटलेलाच राहिला तर बंद करून ब्रिजची दिशा, कपॅसिटरची दिशा आणि मायका बघा. मग इनपुट शॉर्ट करून आउटपुटवरचा डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. त्याआधी स्पीकर जोडू नका.

नंतर ८ ओहम, ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर हीटसिंकवर बसवून लोड म्हणून लावा आणि फोनवरून ५० हर्ट्झचा सूर द्या. स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकीचं वाचतात, ५० ला बरोबर. १४ व्होल्ट एसी आले की २५ वॅट झाले. अर्धा तास असंच चालू ठेवून हीटसिंकला हात लावा: दोन-तीन सेकंदही टेकवता येत नसेल, तर आधी मायका आणि स्क्रू तपासा.

शेवटी यूपीसी१२३७ या चिपवर चालणारा, स्पीकर वाचवणारा प्रोटेक्शन रिले. त्याचा कॉमन स्पीकरला, एनओ (एरवी उघडा संपर्क) अँपला आणि एनसी (एरवी बंद संपर्क) ग्राउंडला जोडा. नुसता एनओ वापरला तर डीसी आल्यावर संपर्कांमध्ये ठिणगी टिकून राहते आणि स्पीकर जातोच. अँप टीव्हीखालच्या कपाटात ठेवणार असाल, तर वर निदान दहा सेंटीमीटर जागा सोडा आणि कपाटाची मागची फळी काढून टाका.