गेमिंग पीसीचा एसएमपीएस घेताना १२ व्होल्टची ओळ वाचा

पुण्यात ओळखीच्या मुलांना मी गेमिंग पीसी जुळवून देतो. बजेट ताणलं की प्रत्येकाची कात्री आधी एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवर चालते. ग्राफिक्स कार्ड मोठं हवं, आणि सप्लाय मात्र ‘कॅबिनेटबरोबर येतो तोच चालेल’. मला हे अजिबात पटत नाही. खराब सप्लाय एकटा जळत नाही, कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो.

आधी घरीच बेरीज करा. इंटेलचा आय५ १२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत घेतो, रेडिऑन आरएक्स ६६०० कार्ड १३२. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मी ६० धरतो. झाले ३०९. कार्ड क्षणभरासाठी याहून बरंच जास्त ओढतं, म्हणून वर निम्मी भर घालायची: ४६०च्या आसपास. अशा पीसीला मी ५५०चा लावतो. ७५०चा घेऊ नका, ते पैसे कार्डात घाला.

मग दुकानात जा. तापकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि सप्लायच्या अंगावरचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात जितके अँपिअर असतील त्यांना १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज इथूनच घेतात. ‘४५० वॅट’ छापलेल्या स्वस्त डब्यावर इथे १६ अँपिअर दिसले, तर ते फक्त १९२ वॅट झाले! बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात, आणि आजच्या पीसीला तिथे फारसं काही लागत नाही. ५५०च्या चांगल्या सप्लायवर ४५ अँपिअरच्या आसपास मिळतात. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खालचा एकत्रित वॅटचा आकडा धरा.

सप्लायवर ‘८० प्लस ब्राँझ’ हा कार्यक्षमतेचा शिक्का असतो, म्हणजे निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के कार्यक्षमता: पीसीला २५५ वॅट द्यायला सप्लाय भिंतीतून ३०० घेतो. शिक्का चांगला, पण तो संरक्षणाबद्दल काही सांगत नाही. ओव्हरव्होल्टेज, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटचं संरक्षण लिहिलंय का ते वेगळं पाहा. वॉरंटी पाच वर्षांची मिळाली तर उत्तम.

कार्डासाठी ८ पिनची केबल सप्लायमधूनच यायला हवी. ती १५० वॅट देते. दुकानदार साटा पिनवरून (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारी पिन) ८ पिन करणारा कन्व्हर्टर पुढे करेल, तो घेऊ नका. साटाची पिन १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटची, ती वितळते.

आणि घरचं अर्थिंग तपासाच. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत सॉकेट तीन पिनचा असतो, पण मागे अर्थची वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. सप्लायच्या फिल्टरमधून पत्र्यावर येणाऱ्या थोड्याशा करंटला जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून. एसएमपीएस बदलून हे थांबत नाही, वायरमनलाच बोलवा.

यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. भर गेममध्ये लाइट गेली तर पीसी आणि मॉनिटर दोन्ही त्याला झेपणार नाहीत. या जोडीला १००० व्हीएचा घ्या.