पाणी निवळले तरी शिंपला निवळलेला नसतो: पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी सल्ला

नवरात्र आटोपते, खाडीच्या पाण्याचा तांबूस गढूळपणा ओसरू लागतो आणि कोकणातल्या भाट्ये, काळबादेवी, जैतापूर, आचरा अशा खाड्यांमध्ये ओहोटीच्या वेळी तिसऱ्या (लहान शिंपले) काढणाऱ्या भगिनींची वर्दळ पुन्हा सुरू होते. याच सुमारास शिणाणे (दोरावर वाढवले जाणारे शिंपले) आणि कालवांचे संवर्धन करणारे बचतगट दोर, बांबू आणि तराफे दुरुस्तीला काढतात. पाणी स्वच्छ दिसू लागले की शिंपले काढण्याचा पट्टा उघडायचा, असा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे. हा रिवाज बदलावा, असे या सल्ल्यात सुचवायचे आहे, कारण पाणी निवळणे आणि त्यातला शिंपला आतून निवळणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांच्यामध्ये काही दिवसांचे, कधीकधी काही आठवड्यांचे अंतर असते.

तिसरी, कालव किंवा शिणाणा यांपैकी कोणीही अन्न शोधत फिरत नाही. तो जागच्या जागी बसून दर तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म कण पोटात घेतो. त्या पाण्यात शौचालयाच्या खड्ड्यातून झिरपलेले जंतू असतील, तर तेही त्याच वाटेने आत जातात आणि पाण्यात असतात त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मांसात साठतात. मुसळधार पावसात खाडीचे पाणी गोडे झाले की शिंपला झाकणे घट्ट मिटून घेतो आणि गाळण्याचे काम थांबवतो. पोटात जे गेले आहे ते त्या काळात बाहेर पडत नाही. खारटपणा परत आल्यावर तो पुन्हा उघडतो आणि मगच आतली घाण बाहेर टाकू लागतो. त्यातही विष्ठेतले जिवाणू तुलनेने लवकर निघून जातात, पण जुलाब-उलट्या आणि कावीळ पसरवणारे विषाणू बराच काळ टिकून राहतात. काठावर उभे राहून पाण्याचा तळ दिसतो म्हणून पट्टा उघडण्यात हाच धोका आहे.

म्हणून पहिले काम खारटपणा मोजण्याचे. त्यासाठी हातात मावणारा, दुर्बिणीसारखा दिसणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरेसा होतो आणि एका गावाला एक असला तरी काम भागते. त्याच्या काचेवर खाडीच्या पाण्याचे दोन थेंब टाकावेत, झाकण बुडबुडा न राहता बसवावे आणि उजेडाकडे धरून डोळ्याला लावावे. वरचा भाग निळा आणि खालचा पांढरा दिसतो, आणि त्यांच्यामधली रेषा ज्या आकड्यावर येईल तो पाण्याचा खारटपणा, म्हणजे हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग आहेत ते. वापरापूर्वी शुद्ध म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्याचा थेंब टाकून रेषा शून्यावर आणून घ्यावी, आणि काम झाल्यावर काच गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावी, नाहीतर मिठाचा थर बसून पुढचे आकडे चुकतात. मोजणी भरतीला आणि ओहोटीला अशी दोन्ही वेळा करावी. भरतीला 30 आणि ओहोटीला 14 असे आकडे येत असतील, तर नदीचे पाणी अजून जोरात उतरते आहे असे समजावे. ओहोटीचा आकडाही सलग दोन आठवडे 25 च्या वर राहू लागला की पाण्याचा नमुना तपासणीला पाठवण्याची वेळ झाली. शिणाण्याचे बी, म्हणजे छोटी पिल्ले, दोराला बांधण्याचा विचारही त्यानंतरच करावा, कारण कालव गोड्या पाण्याचा जेवढा मारा सोसते तेवढा शिणाणा सोसत नाही.

नमुना घेणे हे वरवर सोपे दिसणारे पण सर्वात जास्त चुकणारे काम आहे. जमिनीकडचे सांडपाणी ओहोटीच्या वेळी सर्वात दाट असते, म्हणून नमुना ओहोटीलाच घ्यावा. भरतीचा नमुना घेऊन चांगला अहवाल मिळवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मोठी ओहोटी साधारण पहाटे येते, ही सोयीची गोष्ट आहे, कारण सकाळी घेतलेला नमुना त्याच दिवशी दुपारपर्यंत पोहोचवता येतो. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर नेऊनच उघडावी आणि वरती थोडी जागा मोकळी ठेवून तिथेच बंद करावी. पाण्याबरोबर मांसाचाही नमुना द्यावा. त्यासाठी कालवे असल्यास दहा-बारा आणि तिसऱ्या लहान असल्याने चाळीसभर लागतात. त्यांचा चिखल खाडीच्याच पाण्याने वरवर धुवावा, पण त्या पाण्यात बुडवून ठेवू नये. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालावा, मात्र बर्फ आणि शिंपले यांच्यामध्ये जाड कागद असावा, आणि नमुना कोणत्याही परिस्थितीत गोठू देऊ नये. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका शुक्रवारी असा नमुना एसटीने पाठवला होता. तो संध्याकाळी पोहोचला, पुढचे दोन दिवस सुट्टी होती, आणि सोमवारी तपासून आलेल्या अहवालातल्या आकड्याला काहीही अर्थ उरला नव्हता. बाटली धुऊन परत आली, पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून उधाण आठवड्याच्या शेवटी येत असेल तर त्यानंतरच्या सोमवारची किंवा मंगळवारची ओहोटी मी पसंत करतो, भले ती थोडी लहान असो.

अहवाल हातात आल्यावर तो कशाशी ताडून पाहायचा, हे माहीत असावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनारी पाण्याचे जे वर्ग ठरवले आहेत, त्यांत मिठागरे, शिंपले-मासेमारी आणि सागरी संवर्धन यांचा समावेश पहिल्या वर्गात होतो. या वर्गात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा आणि सामू (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) 6.5 ते 8.5 यांच्या दरम्यान असावा, अशी अपेक्षा आहे. मांसासाठी युरोपात वापरली जाणारी पायरी आपल्यालाही समजून घेण्यासारखी आहे. तिथे 100 ग्रॅम मांस व आतल्या पाण्यात ई-कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची संख्या 230 पर्यंत असेल तर शिंपले थेट बाजारात जाऊ शकतात. त्याहून जास्त पण 4,600 पर्यंत असेल तर ते आधी स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करून घ्यावे लागतात किंवा ठरवून दिलेल्या पद्धतीने उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. घरी परातीत रात्रभर पाण्यात ठेवल्याने तिसऱ्यांतली वाळू निघते, जंतू निघत नाहीत, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

तपासणी वर्षातून दोन-तीनदाच परवडेल, म्हणून रोजची राखण गावानेच करायला हवी. एका उधाणाच्या ओहोटीला होडीतून आणि पायी संपूर्ण काठाची फेरी मारावी आणि खाडीला येऊन मिळणारा प्रत्येक पऱ्ह्या (छोटा ओढा), पाइप, शौचालयाचा खड्डा, गोठा, हॉटेल आणि जेट्टीवरचे मासळी धुण्याचे ठिकाण वहीत उतरवावे. कोकणातला जांभा सच्छिद्र असल्यामुळे काठाजवळच्या शोषखड्ड्यातले पाणी वाटेत न गाळता थेट खाडीपर्यंत पोहोचू शकते. अशा खड्ड्यांची यादी ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावी, तोंडी सांगून भागत नाही. त्याच वहीत रोजचा पाऊस, दोन वेळचा खारटपणा आणि मेलेल्या, उघड्या पडलेल्या शिंपल्यांची संख्या लिहावी. परतीच्या पावसात एका दिवसात इंचभर म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस पडला की पट्टा निदान आठवडाभर बंद, असा नियम गटाने आधीच ठरवून ठेवावा. अमेरिकेच्या अनेक किनारी राज्यांत ठरावीक पावसानंतर शिंपल्यांची क्षेत्रे अशीच आपोआप बंद होतात आणि त्यावर वाद होत नाही, कारण आकडा पाऊस येण्यापूर्वीच ठरलेला असतो.

बंदी म्हणजे ज्या बाईची रोजची मिळकत एका टोपलीवर चालते तिच्या पोटाचा प्रश्न, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्या काढणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवणे आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, 30 मिलिमीटरपेक्षा लहान न ठेवणे, हे नियम पाळले. 2014 मध्ये तेथील मासेमारीला आंतरराष्ट्रीय शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातील पहिली मासेमारी ठरली. तेथे निर्णय घेणाऱ्या परिषदेत काढणारे, संशोधक आणि शासन एकत्र बसतात. आपल्याकडे निदान बचतगट, ग्रामपंचायत आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी दिवाळीपूर्वी एक बैठक घ्यावी आणि रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातील जाणकारांना तीत बोलवावे.

एका गोष्टीत मात्र थांबायला वेळ नसतो. पाण्याला अचानक लाल, तपकिरी किंवा गडद हिरवा रंग आला, किंवा मेलेले मासे काठाला लागू लागले, तर त्याच क्षणी काढणी थांबवावी. काही सूक्ष्म शैवालांचे विष शिंपल्यांत साठते आणि ते उकळून, तळून किंवा कोकम घालून जात नाही. 1981 मध्ये तमिळनाडूत अशा विषबाधेने तीन जण दगावले, 1983 मध्ये मंगळूरजवळ तशीच घटना घडली आणि 1997 मध्ये केरळात शिंपले खाल्ल्याने सात जणांचा मृत्यू झाला. पाण्याचा रंग बदललेला नसतानाही हे विष असू शकते. म्हणून शिंपले खाल्ल्यावर ओठांना किंवा जिभेला मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला, तर घरगुती उपाय न करता रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि श्वास जड होत असेल तर कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात. उरलेले शिंपले फेकू नयेत. पिशवीत बांधून बर्फात ठेवावेत आणि कोणत्या पट्ट्यातून, कोणत्या ओहोटीला काढले ते चिठ्ठीवर लिहून आरोग्य विभागाकडे द्यावेत.