अरबी औषधपत्रकात मात्रेचे आकडे असे लिहा
इंग्रजी औषधपत्रक अरबीत नेताना संज्ञांसाठी ‘युनिफाइड मेडिकल डिक्शनरी’ हा कोश हाताशी ठेवा. ‘-आयटिस’ने संपणाऱ्या आजारांना बहुधा ‘इल्तिहाब’ (म्हणजे दाह) आणि पुढे अवयवाचं नाव लागतं: हिपॅटायटिस म्हणजे ‘इल्तिहाब अल-कबिद’. हे सोपं आहे.

खरा धोका मात्रेत. इजिप्तमध्ये चालणाऱ्या अंकांतला पाच गोल, आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका! त्यातच मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे ‘5-10 मिली’ पानावर उलटं उमटू शकतं. म्हणून मध्ये रेघ नको. ‘मिन 5 इला 10’, म्हणजे ‘5 पासून 10 पर्यंत’, असं शब्दांत लिहा. छपाईची अंतिम पीडीएफ अरबी वाचणाऱ्या फार्मासिस्टला दाखवाच.